एक मीटरचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत रस्ता नव्याने करायचा म्हणजे आधी तो खोल खणावा लागतो. जुन्यावर डांबराचा एक थर ओढून इथे भागत नाही. सांगली फाट्याच्या बाजूने आत येणाऱ्या ट्रकांत कच्चं लोखंड, भंगार नाही तर वाळू असते. बाहेर पडणाऱ्यांत कास्टिंग. सगळा मालच वजनाचा. त्यात 2018 च्या जुलैत केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या एक्सलवरची वजनमर्यादा वाढवली: चार टायरच्या एका एक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5, जोड-एक्सलला 19 ऐवजी 21. ऐकायला वाढ थोडीच वाटते. पण 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यांवरून ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ठोकताळा रस्त्याचे इंजिनिअर आजही वापरतात: वजन ज्या पटीत वाढतं, त्या पटीच्या चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. त्या हिशेबाने एका एक्सलवरचा हा सव्वा टन रस्त्याची झीज दीडपटीच्या वर नेतो. ही झाली कायदेशीर वजनाची गोष्ट. ओव्हरलोड गाडीचा हिशेब वेगळा.

खाली माती कशी, हा दुसरा प्रश्न. पंचगंगेच्या काठच्या या भागात जिथे काळी माती लागते, तिथे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती खडी टाकली तर दोन पावसाळ्यांत रस्ता लाटांचा होतो. म्हणून काळी माती काढायची, मुरूम भरायचा, कुटायचा आणि मग वरचे थर घ्यायचे. ठेकेदार याला ‘बॉक्स कटिंग’ म्हणतात.

काँक्रीटच्या रस्त्याचे थर मोजू. तळाला खडी-मुरुमाचा निचऱ्याचा थर साधारण 20 सेंटिमीटर, त्यावर कमी सिमेंटचं कोरडं काँक्रीट 15 आणि माथ्यावर मुख्य काँक्रीट 25 ते 30. बेरीज 60 ते 65 सेंटिमीटर.

याच रस्त्यांच्या कडेने कारखान्यांना गॅस पुरवणारी वाहिनी पुरलेली असते. आता तिच्यापासून खालून वर मोजू. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने शहरी गॅस वितरणासाठी 2008 साली तांत्रिक आणि सुरक्षेची मानकं लागू केली. त्यानुसार मुख्य वाहिनीच्या माथ्यावर साधारण एक मीटर माती हवी. पाइपच्या वर 30 सेंटिमीटरला इशाऱ्याची प्लास्टिक पट्टी अंथरतात, म्हणजे पुढे कुणी खणलं तर आधी पट्टी दिसावी आणि हात थांबावा. एक मीटरमधून 30 गेले की पट्टी जमिनीपासून 70 सेंटिमीटर खाली येते.

तर रस्त्याचा बॉक्स 65 वर थांबतो आणि पट्टी 70 वर आहे. मधलं अंतर पाच सेंटिमीटर. जेसीबीच्या बकेटचे दातसुद्धा याहून लांब असतात. आणि काळी माती आणखी फूटभर काढायची ठरली, तर बकेट पट्टी फाडून थेट पाइपच्या माथ्याशी पोचते.

हा हिशेब सगळं नियमाप्रमाणे झालं असेल तेव्हाचा.

शिरोलीत गॅस आला कशाला, हे कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. संस्थानकाळात इथल्या उद्यमनगरात उसाच्या मळ्यांना पाणी उपसणारी ऑइल इंजिनं बनू लागली. इंजिनाला ओतीव भाग लागतात, म्हणून फाउंड्र्या आल्या. उद्यमनगर अपुरं पडलं तेव्हा कारखाने शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत गेले. धातू पूर्वी कोकवरच्या कुपोलात वितळायचा, आता बहुतेक ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्टीत. मात्र वितळवणं हे फाउंड्रीतलं एकमेव तापवण्याचं काम नव्हे. धातू ओतायची लेडल आधी लाल करून घ्यावी लागते, साच्यांतले वाळूचे कोअर भाजावे लागतात, कास्टिंगला उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते, रंग भाजून पक्का करावा लागतो. ही कामं डिझेल, फर्नेस ऑइल किंवा एलपीजीच्या नळकांड्यांवर चालायची. पाइपने गॅस आला की टाक्या नकोत, नळकांडी नकोत.

हा गॅस येतो तो दाभोळहून बंगळूरला गेलेल्या ‘गेल’च्या मोठ्या वाहिनीवरून. सुमारे हजार किलोमीटरची ही वाहिनी 2013 मध्ये सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातलं वितरण एचपीऑइल गॅस या कंपनीकडे आहे. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांनी मिळून 2018 साली ती काढली. या साखळीत दाब टप्प्याटप्प्याने उतरत जातो. शहरी वितरणातल्या पोलादी वाहिनीत तो 49 बारपर्यंत असू शकतो, पॉलिथिलिनच्या पाइपमध्ये चार बारपर्यंत आणि घरातल्या शेगडीपाशी अवघा 21 मिलिबार. रस्त्याच्या कामात गाठ पडते ती बहुधा मधल्या टप्प्याशी.

कायद्याच्या नजरेने मात्र ‘गेल’ची मोठी वाहिनी आणि शहरी वितरणाची वाहिनी सारख्या नाहीत. शेतातून जाणाऱ्या मोठ्या वाहिनीसाठी 1962 चा कायदा आहे. त्याखाली जमिनीच्या वापराचा हक्क संपादित होतो, मोबदला दिला जातो, आणि त्या पट्ट्यात बांधकाम करायला किंवा खणायला मनाई असते. शेतकऱ्याने तिथे विहीर काढली तर गुन्हा. गावात, वसाहतीत रस्त्याकडेने जाणाऱ्या वितरणवाहिनीला असा हक्क नसतो. ती रस्त्याच्या मालकाच्या परवानगीवर पडून असते. परवानगीपत्रात साधारणपणे लिहिलेलं असतं की उद्या रस्त्याला जागा लागली तर वाहिनी स्वखर्चाने हलवावी लागेल. थोडक्यात, कंपनी ही भाडेकरू, तीही घरमालक सांगेल तेव्हा उठणारी.

आणि इथे घरमालकही एक नाही. वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, महामार्ग आणि त्याचे सेवारस्ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, पुलाची शिरोली, नागाव या गावांतले रस्ते ग्रामपंचायत नाही तर जिल्हा परिषदेचे. एकच वाहिनी दोन-तीन जणांच्या हद्दी ओलांडते आणि प्रत्येकाकडून वेगळी नाहरकत घेते. खड्डे बुजवण्याचं शुल्क भरलं, चर बुजवली, फाइल बंद झाली. पुढे काही वर्षांनी रस्त्याचं अंदाजपत्रक करायला बसणारा इंजिनिअर दुसराच असतो. त्याच्या टेबलावर ती फाइल आपोआप येत नाही.

समजा आली. नकाशा हातात आहे. त्यात लिहिलंय की वाहिनी डांबराच्या कडेपासून दोन मीटर लांब, एक मीटर दहा सेंटिमीटर खोल. आता कुठल्या डांबराची कड? जी पाच वर्षांपूर्वी होती ती. रस्ता रुंद होणार म्हटल्यावर ती कड पहिल्या दिवशीच उखडली जाणार. आणि खोली कुठून मोजलेली? त्या दिवशीच्या जमिनीपासून. मधल्या काळात साइडपट्टी भरून वर आली असेल, किंवा पावसाचं पाणी कारखान्यांत शिरतं म्हणून कुणी ती छाटून खाली नेली असेल. पाइप आहे तिथेच आहे, पण त्याची ‘खोली’ बदललेली आहे. या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला इथे दिसतं. एक मीटर हा आकडा पाइपचा गुण समजला जातो. खरं तर तो पाइप आणि रस्ता यांच्यातलं नातं आहे, आणि रस्ता बदलला की ते नव्याने मोजावं लागतं. समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवून ठेवली असती तर ही पंचाईत झाली नसती. जुन्या नोंदींत ती नसेल तर खणून बघण्याला पर्याय नाही.

यंत्राने शोधता येत नाही का? पोलादी पाइप येतो शोधता. जमिनीवरून विद्युतचुंबकीय यंत्र फिरवलं की त्याचा माग लागतो. पॉलिथिलिनचा पाइप मात्र त्या यंत्राला दिसत नाही, सोबत तांब्याची तार पुरलेली असेल तरच दिसतो. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार प्लास्टिकही टिपतं, पण ओल्या चिकणमातीत त्या लहरी थोड्या खोलीवरच विरून जातात. काळ्या मातीत रडारवर फार विसंबू नये. राहते ती हातखोदाई: ठरावीक अंतरावर पहारीने, फावड्याने आडवा खड्डा घ्यायचा, पाइप उघडा करायचा, मोजायचा, खुंटी ठोकायची. कुणालाही जमणारं काम. पण रस्त्याच्या अंदाजपत्रकात त्याला स्वतंत्र कलम नसेल तर ते कोण करणार? जेसीबीवाला तासावर असतो, ठेकेदार घनमीटरवर. फावड्याने तासभर हळूहळू खणण्याचे पैसे दोघांनाही मिळत नाहीत. पाइप फुटला की पोलिस जेसीबीवाल्याला धरतात, तेव्हा मला त्याची कीव येते. त्याला दिलेला नकाशा बहुतेक वेळा नुसता एक हात असतो: ‘त्या बाजूला कुठेतरी लाइन आहे, जपून.’

2025 च्या मार्चमध्ये मुंबईत अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब वसाहतीत मध्यरात्रीनंतर जेसीबीने रस्ता खणताना गॅसवाहिनी फुटून आग लागली आणि रस्त्यावरची माणसं होरपळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथल्याच आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात मुख्य वाहिनीला तिसऱ्याच कुणाच्या कामात धक्का बसला, वडाळ्याकडे जाणारा पुरवठा थांबला आणि मुंबईतल्या सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या. फाउंड्रीच्या दृष्टीने दुसरी घटना जास्त ओळखीची. आग लागली नाही तरी दोन व्हॉल्व्हच्या मधला अख्खा पट्टा बंद होतो, आणि त्यातल्या ज्या कारखान्यांनी जुनी टाकी मोडीत काढली त्यांच्या लेडल थंड पडतात.

फुटलेला पाइप निदान बोलतो. न फुटलेला, नुसता ओरखडलेला पाइप जास्त घातक. बेल्जियममध्ये गिलँगियाँ नावाची औद्योगिक वसाहत आहे. 2004 साली तिथे एका नव्या कारखान्याचं काम चालू होतं. आवाराची जमीन पक्की करताना एका यंत्राने खालच्या उच्च दाबाच्या वाहिनीला ओरखडा काढला. त्या दिवशी काहीच झालं नाही. काही आठवडे उलटले, वाहिनीतला दाब वाढवला गेला, आणि 30 जुलैच्या सकाळी ती त्याच जागी फाटली. 24 माणसं गेली, त्यांत गळतीची वर्दी ऐकून धावून आलेले अग्निशामक दलाचे जवानही होते. जखमी शंभराहून अधिक. पुढे बेल्जियममध्ये खणण्याआधी जमिनीखालची माहिती मागवण्याची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली.

पॉलिथिलिनच्या पाइपलाही हाच न्याय लागतो. ओरखडा पाइपच्या जाडीच्या दहा टक्क्यांहून खोल गेला तर तेवढा तुकडा कापून नवा घालावा लागतो. हे कळणार कसं? ज्याच्या बकेटचा दात लागला त्याने सांगितलं तर. सांगितलं की काम थांबणार, दंड होणार, हे ठाऊक असलेला माणूस वर दोन घमेली माती ओढतो आणि पुढे सरकतो. म्हणून मला वाटतं, कळवलेल्या ओरखड्याला दंड नसावा. लपवलेल्याला जबर असावा.

रस्त्याच्या मधल्या भागापेक्षा कडेचं गटार जास्त त्रासाचं. रस्ता रुंद झाला की गटार बाहेर सरकतं, नेमकं तिथे जिथे पूर्वी साइडपट्टी होती आणि गॅसवाहिनी बसवली होती. गटाराची खोली मीटर-सव्वा मीटर. शिवाय मुख्य वाहिनीतून प्रत्येक कारखान्यात गेलेली जोडणी गटाराला आडवी. गवंड्याला सोपं काय? पाइप तसाच ठेवून त्याच्याभोवती गटाराच्या भिंती उभ्या करणं. पाइप गटाराच्या पोटातून आरपार जातो, वरून झाकण पडतं, बिल निघतं.

तैवानमधल्या काओसिउंग शहरात असंच घडलं होतं. 1990 च्या सुमारास रस्त्याखाली प्रोपिन वायूची चार इंची पोलादी वाहिनी गेली, पुढे पावसाच्या पाण्याचं गटार बांधताना ती गटाराच्या पोकळीत अडकली. पोलादी पाइप गंजू नये म्हणून त्याला जो सौम्य विद्युतप्रवाह देतात, तो मातीतून काम करतो. हवेत लटकलेल्या पाइपला त्याचा उपयोग नाही. गटारातल्या दमट हवेत पाइप वीसेक वर्षं झिजत राहिला. 31 जुलै 2014 च्या रात्री वायू गटारांतून पसरला आणि किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते फुटून उलथले. 32 माणसं मेली. फाउंड्रीच्या गल्लीतला प्लास्टिकचा पाइप गंजत नाही, हे खरं. पण गटारात साचलेला कचरा काढायला पहार घालणाऱ्याला समोरचा मळलेला पाइप पाण्याचा की गॅसचा, हे कळत नाही.

पुराचाही एक मुद्दा आहे. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली, असं 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी झालं. गॅसचा पाइप आतून पोकळ. 125 मिलिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा पाइप मीटरला 12 लिटर पाणी बाजूला सारतो आणि स्वतः चार किलोसुद्धा भरत नाही. वरची माती हेच त्याला दाबून ठेवणारं वजन. मे अखेरीला बॉक्स कटिंग करून ठेवलं, जूनच्या पावसाने तो खड्डा भरला आणि वर पुरेशी माती उरली नसेल, तर पाइप वर उचलला जाऊ शकतो. पाणी ओसरल्यावर मुरूम पडतो त्या उचललेल्या पाइपवर, आणि रोलर फिरतो. म्हणून वाहिनी असलेल्या पट्ट्यातलं खणकाम दिवाळीनंतर सुरू व्हावं आणि वळवाच्या आत भरून व्हावं, निदान एका वेळी थोड्याच लांबीचं असावं. वाहिनी हलवून नवीला जोडायची असेल तर दिवाळीतले दिवस सोन्यासारखे. भट्ट्या तशाही थंड असतात आणि पुरवठा बंद ठेवला तरी कुणाची पाळी बुडत नाही.

कोल्हापूरला हे सगळं नवीन नाही. शहरातले सुमारे 50 किलोमीटर रस्ते खासगी कंपनीकडून करून घेऊन त्यावर टोल बसवला गेला, त्या विरोधात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली आणि टोल गेला. त्या लढ्यात टोलच्या रकमेबरोबर कामाच्या दर्जावरही बोट ठेवलं जात होतं, आणि खालच्या सेवावाहिन्या न हलवताच वर काँक्रीट ओतल्याचा आक्षेप त्यात होता. काँक्रीटखाली गळणारी पाण्याची लाइन हा कोल्हापूरकरांच्या चहाच्या टेबलावरचा विषय झाला होता. पाणी गळलं की निदान वर येतं.

गॅस वर येईलच असं नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. उघड्या मातीतून तो वर जातो आणि विरून जातो. पण माथ्यावर काँक्रीट पडलं की भाताच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं होतं, वाफ मिळेल त्या कडेने निघते. ही कड म्हणजे केबलची जुनी चर, गटाराची पोकळी, नाही तर कारखान्याच्या जोत्याखालचा भराव. हवेत पाच ते पंधरा टक्के मिसळला की हा वायू पेट घेतो. त्याला स्वतःचा वास नसतो, म्हणून मर्कॅप्टन घालतात, एवढं की पेटण्याच्या पातळीच्या एक पंचमांशावरच नाकाला कळावं. पण मातीतून लांबवर सरकताना हा वास मातीत शोषला जाऊ शकतो. आणि जिथे दिवसभर साच्यांतलं रेझिन जळाल्याचा उग्र दर्प भरून राहिलेला असतो, तिथे एवढ्याशा वासाकडे लक्ष कुणाचं जाणार? म्हणून फाउंड्रीच्या गल्लीत काँक्रीट झाल्यावर गळती तपासण्याच्या फेऱ्या वाढायला हव्यात आणि चेंबर, गटारं यांच्या तोंडाशी यंत्राने मोजायला हवं.

दक्षिण कोरियातल्या देगूमध्ये 28 एप्रिल 1995 ला गॅस असाच आडवाटेने सरकला होता. एका बांधकामावर ड्रिलने गॅसची लाइन फुटली, गॅस सांडपाण्याच्या वाहिनीतून शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदकामात साचला आणि तिथे स्फोट झाला. 101 मृत्यू. ज्याने पाइप फोडला तो एक, आणि ज्याच्या खड्ड्यात माणसं मेली ते काम दुसऱ्याचं.

आपल्याकडे व्यवस्था नाहीच असं नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने शहरी रस्त्यांखाली सेवावाहिन्या कुठे, कशा असाव्यात याचं मार्गदर्शन दिलं आहे, 2011 मध्ये ते सुधारलंही. 2023 च्या 22 मार्चला पंतप्रधानांनी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं. खणणाऱ्याने जागा नोंदवायची, त्या जागेखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना संदेश जातो. बेफाम खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे 3,000 कोटींचं नुकसान होतं, असं त्या वेळी सरकारनेच सांगितलं. अ‍ॅप चांगलं आहे. पण ते खणण्याच्या आदल्या आठवड्यात उपयोगी पडतं, तेव्हा निविदा निघून गेलेली असते, दर ठरलेले असतात आणि वाहिनी मधे आली तर तो ‘अडथळा’ ठरतो. रस्त्याची रेषा कागदावर असतानाच गॅस कंपनीचा माणूस, महावितरणचा माणूस आणि एमआयडीसीचा पाणीपुरवठ्याचा माणूस एकत्र चालत गेला, तर गटार अर्धा मीटर इकडे घेऊन लाखोंचं स्थलांतर वाचतं. ही पायपीट कुठल्याच कलमात बसत नाही म्हणून होत नाही. रस्त्याखाली काही अंतरावर रिकामे आडवे पाइप टाकून ठेवण्याचंही तेच. आज स्वस्तात होतं. उद्या समोरच्या कारखान्याला जोडणी हवी झाली की नवं काँक्रीट कापावं लागतं किंवा आडवं भोक पाडणारं यंत्र आणावं लागतं.

उरते ती व्हॉल्व्हची झाकणं. रस्ता वर आला की चेंबरचं झाकण खड्ड्यात जातं किंवा डांबराखाली गडप होतं. गळतीच्या वेळी ज्या व्हॉल्व्हकडे धावायचं तो मग सापडतच नाही. झाकण नव्या पातळीला उचलून बसवणं हे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. ते गॅस कंपनीने नंतर येऊन करावं, अशी पद्धत असेल तर ते ‘नंतर’वर जातं. रस्त्याच्या निविदेतच नगाप्रमाणे दर ठेवावा आणि ठेकेदाराकडून करून घ्यावं. त्याच वेळी प्रत्येक चेंबरपाशी नव्या रस्त्यापासून पाइपच्या माथ्याची खोली मोजून दोन्हीकडच्या इंजिनिअरांनी सही करावी, आणि तो कागद जोडल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये. ठेकेदाराचा पैसा अडकला की मोजणी वेळेवर होते, असा सगळ्यांचाच अनुभव आहे.